यंदाचं शिंगरू

‘यंदाचं गेलं,’ असं एर्सिलियाच्या तोंडून निघून गेलं तेव्हा तिच्या हातात बेतिनाबाईंचा चष्मा होता. ती काडीचा बारीक स्क्रू पिळत होती. स्क्रू कधीच घट्ट बसला होता, तरी ती पिळत राहिली, कारण मान वर केली असती तर काउंटरपलीकडचा चेहरा दिसला असता. बाईंनी विचारलं होतं ते अगदी साधं. दर वसंतात त्या आपल्या दुसरीच्या वर्गाला बसमध्ये घालून गावाबाहेर एर्सिलियाच्या मळ्यावर आणत. मुलं कुंपणाच्या फळ्यांना नाकं लावून मिगा घोडीचं नवं शिंगरू बघत आणि परत जाताना बसमध्ये सगळी घोड्यासारखी खिंकाळत. म्हणून यंदाही त्यांनी विचारलं, ‘मग, बाळ कधी दाखवताय आमच्या पोरांना?’ थोडे दिवस थांबा, असं म्हणता आलं असतं. घोडी अजून अशक्त आहे, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण उत्तर शिंक यावी तसं आलं, आणि एकदा आल्यावर पुढचं सांगणं भाग पडलं. ‘अरेरे. कधी हो?’ ‘जन्मतःच.’ ‘आणि आई?’ ‘ती बरी आहे.’ एवढं एकच खरं. बेतिनाबाईंनी हात पुढे करून तिचं मनगट धरलं. हात ऊबदार होता, खडूने कोरडा पडलेला. चष्म्याशिवाय बाईंचे डोळे लहान आणि उघडेवाघडे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं पाणी, आणि तेही एका जित्याजागत्या जनावरासाठी.

बाई गेल्या आणि वाऱ्याने चष्म्याच्या दुकानाचं दार पुन्हा पुन्हा आपटत राहिलं. मार देल प्लातातला ऑक्टोबरातला, म्हणजे इथल्या वसंतातला, वारा समुद्रावरून येतो आणि काचांवर मिठाचा पापुद्रा ठेवून जातो. तो रोज पुसावा लागतो. एर्सिलियाने फडकं घेतलं, दाराची काच पुसली, आरसे पुसले, मग काउंटरची काच पुसताना हात थांबला. काचेखाली फोटो होते. तुलिओने, तिच्या नवऱ्याने, ते लावायला सुरुवात केली होती. तो गेल्यावर तिने ते चालू ठेवलं होतं. दर वर्षीचं शिंगरू: तुलिओच्या मांडीवर, कपड्यांच्या टोपलीत, एक तर चक्क स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कणकेच्या परातीशेजारी उभं. नवा चष्मा डोळ्यांवर चढवला की गिऱ्हाइकाला जवळचं काहीतरी बघायला लागतं. ते हे फोटो बघत आणि म्हणत, ‘किती एवढंसं हो.’ एवढंसं. ह्या एका शब्दासाठी तर सगळा खटाटोप होता. मिगा स्वतः एर्सिलियाच्या मांडीपर्यंत जेमतेम येते, तिच्या आईहून चार बोटं कमी. आणि मिगाच्या पोरी मिगाहूनही कमी निघाव्यात म्हणून तुलिओच्या मित्राचा, फेर्मिनचा, घोडा दुके, सगळ्या पंचक्रोशीत त्याच्याहून बुटका नाही असा. घोडी व्यायली की आठवड्याभरात पुन्हा माजावर येते. त्याच माजात दुकेला आणायचं, म्हणजे पुढच्या वसंतात पुन्हा एक एवढंसं. मधे घोडीला दम खायला मिळतो की नाही, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. म्हणजे तिने विचारला नव्हता. तिच्याशिवाय विचारणारं होतं कोण?

मग एक तरुण मुलगा डोळे तपासून घ्यायला आला. तिने त्याला खुर्चीत बसवलं, भिंगं बदलत तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. शेवटच्या ओळीला तो अडखळला, मग घाईने काहीबाही म्हणून मोकळा झाला. ‘दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा,’ ती म्हणाली. ‘अंदाजाने सांगू नका. त्याचा त्रास पुढे तुम्हालाच व्हायचा.’ रोज कुणाला ना कुणाला सांगायचं वाक्य, पण आज ते बोलताना तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मुलगा ओशाळून हसला. तिला वाटलं, हा आत्ता विचारेल, आणि तुम्ही मघाशी बाईंना खरं सांगितलंत का? पण त्याने फक्त चौकट किती दिवसांत मिळेल तेवढं विचारलं.

आठवड्यापूर्वी, शिंगरू जन्मलं त्या दुपारी, ऊन होतं. तबेल्याच्या दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यातच मिगा आडवी झाली आणि उठेना. एक पाय मागे अडकला होता. वानिना, घोड्यांची डॉक्टर, कोपरापर्यंत हात घालून बडबडत होती, तिची सवयच ती, कळा देणाऱ्या घोडीशी गप्पा मारायच्या, भाजीचे भाव, आपल्या सासूच्या कागाळ्या. शिंगरू बाहेर आलं आणि वानिना गप्प झाली. एर्सिलियाला आधी ती शांतता ऐकू आली, मग शिंगरू दिसलं. कपाळ घुमटासारखं वर आलेलं, खालचा जबडा पुढे, वरच्याशी जुळत नसलेला, पाय आखूड आणि गुडघ्यात वाकलेले, पोट मडक्यासारखं. श्वास घेताना नाकातून शिट्टी वाजत होती. मिगा मान वळवून त्याला चाटायला लागली, आधीच्या सगळ्यांना चाटलं होतं तसंच, कानामागून सुरुवात करून. ‘जगेल?’ एर्सिलियाने विचारलं. ‘जगेल कदाचित. किती आणि कसं, ते नाही सांगता यायचं. पाय आणखी वाकतील. आचळ ओढता येणार नाही त्याला नीट, तुम्हालाच दूध काढून पाजावं लागेल.’ ‘कशाने झालं हे?’ वानिना हात धूत होती. तिने बादलीतून मान वर केली नाही. ‘तुम्हाला माहीत आहे कशाने. थोडं हिच्यातनं, थोडं त्याच्यातनं. दोघांत हा दोष असला तरच असं येतं. मी तुम्हाला तपासणीचं बोलले होते. आयाळीचे चार केस तर पाठवायचे होते.’ ‘राहून गेलं,’ एर्सिलिया म्हणाली. वानिनाने हात फडक्याला पुसले. तिला ते पटलं असावं, किंवा पटवून घेण्याइतकी ती सभ्य होती. राहून गेलं नव्हतं. केस पाठवले नव्हते. पाठवले असते तर उत्तर आलं असतं, आणि मग काचेखालच्या फोटोंकडे तसं कौतुकाने बघता आलं नसतं.

त्या दिवशी तिने पहिला फोन फेर्मिनला केला होता. तो तुलिओचा शाळेपासूनचा मित्र, आयुष्यभर एका मोठ्या हॉटेलाचा मुदपाकखाना सांभाळला, आता घोडे सांभाळतो. दुसऱ्या दिवशी येऊन तबेल्याच्या दारात उभा राहिला, बराच वेळ बघितलं, टोपी काढून डोकं खाजवलं. ‘हे कुणाला दाखवू नकोस,’ म्हणाला. ‘आणि मनाला लावून घेऊ नकोस. असं होतं. माजावर आली की कळव, मी दुकेला घेऊन येतो, पुढच्या वेळी ठीक येईल.’ तिने मान हलवली होती. आणि काल संध्याकाळी मिगा शेपूट बाजूला घेऊन कुंपणाला पाठ घासताना दिसली तेव्हा तिने फोन करून सांगितलंही होतं, ये उद्या. आवाज नेहमीचाच होता तिचा, चौकटी मागवताना असतो तसा.

दुपारी दुकान बंद करून ती गाडीत बसली आणि मळ्याच्या रस्त्याला लागली. संध्याकाळी दुकान उघडायचंच नाही, असं तिने बहुधा कुलूप लावतानाच ठरवलं होतं. बटाट्याच्या शेतांवर कारंजी फिरत होती. पुढच्या वेळी ठीक येईल. ‘पुढच्या वेळी’ हे शब्द तिने आधी कुठे ऐकले होते, ते तिला फेर्मिन बोलला तेव्हाच कळलं होतं, पण तिने तो विचार बाजूला सारला होता. मारिसोल जन्मली तेव्हा. दीड दिवस कळा, शेवटी चिमटे लावून काढलेली मुलगी, एर्सिलियाच्या अंगाला घातलेले टाके अजून ओले. पलंगाच्या एका बाजूला तुलिओ, दुसऱ्या बाजूला त्याची आई. सासू मुलीला मांडीवर घेऊन म्हणाली होती, ‘गोड आहे हो. पुढच्या वेळी मुलगा.’ आणि तुलिओ, जो तिला कधी वाईट शब्द बोलला नाही तो तुलिओ, तिचे घामेजलेले केस कपाळावरून मागे सारत म्हणाला, ‘पुढच्या वेळी इतका त्रास नाही व्हायचा.’ ती छताकडे बघत होती. छताला एक तपकिरी डाग होता, त्याच्या कडा तिला अजून काढून दाखवता येतील. ते दोघं आपल्याशी बोलत नाहीत, आपल्या पोटाशी बोलत आहेत, असं तिला वाटलं होतं. मारिसोल रांगायला लागल्यावर एक दिवस ती बहिणीकडे जाते म्हणून सांगून बसने बालकार्सेला गेली आणि तिथल्या डॉक्टरीणबाईकडून तांबी बसवून आली. तुलिओला सांगितलं नाही. नंतरही नाही. दर महिन्याला तो काही न विचारता तिच्याकडे बघायचा, आणि ती मान हलवायची, नाही म्हणून, जणू तिलाही वाईट वाटतंय. हळूहळू त्याचं ते बघणंही थांबलं. त्याने कुणाला दोष दिला नाही. आमच्या नशिबात एकच, म्हणायचा, आणि मारिसोलला खांद्यावर घेऊन समुद्रावर जायचा.

मारिसोल शिकायला ला प्लाताला गेली त्या वर्षी तो मिगाला घेऊन आला. गाडीच्या मागच्या सीटवर, कुत्र्यासारखी बसलेली. ‘इथे तरी पाळणा हलू दे,’ असं म्हणून तो हसला होता. सहज बोलला होता, त्यात टोचणी नव्हती, म्हणून तर ते तिच्या अंगात रुतून बसलं. पुढच्याच वसंतात पहिलं शिंगरू झालं, तुलिओ तबेल्यात गवतावर मांडी घालून बसला, आणि ते त्याच्या कुशीत तोंड खुपसून झोपलं. त्याचा तेव्हाचा चेहरा बघून तिला काय वाटलं होतं? सुटल्यासारखं वाटलं होतं. चला, मिळालं याला. त्यानंतर माजाचे दिवस तीच लक्षात ठेवायची. फेर्मिनला फोन तीच करायची. एखाद्या वर्षी तुलिओच म्हणायचा, राहू दे, थकली असेल ती. आणि ती म्हणायची, छे, दणकट आहे. आपण स्वतःसाठी बस पकडून जे टाळून आलो ते हिच्या पोटावर लादलं, हे तिला इतकं सरळ कधी दिसलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी तुलिओ गेला. मग कुणासाठी? आता समोर सुखी करायचं माणूसही नव्हतं. उरले फक्त फोटो, आणि गिऱ्हाइकांचं ते एवढंसं. पुढे ट्रॅक्टर होता. त्याच्यामागे ती कितीतरी वेळ मुकाट्याने गाडी हाकत राहिली, मोकळा रस्ता दिसूनही पुढे गेली नाही.

मळ्यावर टिटव्या ओरडत होत्या. शिंगरू तबेल्याच्या भिंतीला टेकून उन्हात झोपलं होतं, शिट्टी ऐकू येत होती. नेहमी जन्मल्या जन्मल्या नाव सुचायचं, याला तिने ठेवलं नव्हतं. दूध काढायला तिला जवळजवळ जमिनीवर आडवं व्हावं लागे, मिगा इतकी बुटकी. कास गरम आणि कडक होती. हात लावला की मिगा अंग चोरायची, मग सैल सोडायची. बाटली तोंडात दिली की शिंगरू जीव खाऊन चोखायचं, आणि निम्मं दूध त्या न जुळणाऱ्या जबड्यातून गळ्यावर ओघळायचं. पोट भरलं की ते कपाळाच्या घुमटाने तिच्या पोटरीला ढुशी द्यायचं, खेळायला. हेच तिला सहन व्हायचं नाही. ते दुःखी असतं तर बरं झालं असतं. एर्सिलियाने आडून आडून विचारलं होतं, सुई देऊन त्याला सोडवावं का म्हणून, तेव्हा वानिना म्हणाली होती, ‘दुखायला लागलं तर बोलवा, मी येईन. दिसायला कसंतरी आहे म्हणून मी काही करणार नाही.’ आणि आज सकाळी तिने सुईशिवायच ते उरकून टाकलं होतं. दुकानात, उजेडात, एका वाक्यात. तिने शिंगराच्या पाठीवरून खरारा फिरवला. ब्रश त्याच्या पाठीहून मोठा होता. दुपारभर ती तिथेच बसून राहिली. येर्बाचा तुंबा भरला, नळी तोंडात धरली, आणि तो कडू चहा तिच्या हातातच गार झाला.

ऊन उतरल्यावर फेर्मिनची गाडी आली. गाडी थांबायच्या आत मिगा फाटकाशी पोचली होती. मान ताणून, कान पुढे करून ती खिंकाळली, गाडीतून दुकेने उत्तर दिलं, तशी ती वळली, शेपूट बाजूला घेतली आणि पाय फाकवून तिथेच मुतली. फेर्मिन उतरून हसला. ‘ही बघ. हिला काही विचारायला नको.’ मग एर्सिलियाचा चेहरा बघून त्याने दुकेच्या दाराला लावलेला हात काढून घेतला. ‘काय झालं?’

‘काही नाही. विचार करतेय.’

‘विचार काय करायचा त्यात? तिला बघ की. ती काय म्हणतेय ते आंधळ्यालाही दिसेल.’

‘पोटात काय येणार आहे ते तिला कुठं माहीत आहे?’

‘कुणाला माहीत असतं, एर्सिलिया? आपल्या आयांना माहीत होतं?’ तो पुन्हा हसला. ‘माझ्या आईला आधी माहीत असतं तर मी काही इथं उभा नसतो.’

मिगा फाटकाच्या फळीवर छाती दाबत होती. एर्सिलिया तिच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं की घोडी नको म्हणेल, कान पाडेल, लाथ मारेल, आणि मग आपलं काम सोपं होईल. पण मिगाला दुके हवा होता. अंगभर हवा होता. आपल्या अंगाला असं कधी काही हवं झालं होतं का, आणि ते आपण कुठे नेऊन ठेवलं, हे तिला त्या क्षणी आठवेना. ‘तुला माहीत होतं?’ तिने विचारलं.

‘काय?’

‘दुकेचं. याआधी असं झालंय त्याच्यापासून?’

फेर्मिनने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. ‘तांदील गावच्या एका घोडीला झालं होतं. आणि माझ्या तांबडीला, गेल्या वर्षी.’

‘तांबडीचं मेलेलं जन्मलं, असं सांगितलंस तू.’

‘मग काय सांगणार? सगळे तेच सांगतात. अशी मेलेली जन्मलेली किती असतील, काढ हिशेब.’ तो चिडला नव्हता, उलट तिला समजावत होता, चुकलेल्या माणसाला वाट दाखवावी तसा. ‘आणि तू काय सांगितलंस लोकांना?’

तिला राग आला होता. पण तो बोलून दाखवायला तिला तोंड नव्हतं. सकाळपासून तिने एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि फेर्मिनचाच बहाणा वापरला होता, त्याने शिकवलेला नसताना. ती बोलायच्या आत रस्त्याकडून दुसरी गाडी वळली, जुनी, एका दिव्याची. त्यातून बेतिनाबाई उतरल्या. शाळेचा पांढरा डगला अजून अंगातच होता. दोन्ही हातांत फडक्याने झाकलेलं ताट होतं. ‘तुम्ही एकट्याच असाल म्हटलं,’ त्या दुरूनच म्हणाल्या, ‘दुकान बंद दिसलं. लिंबाचा केक आहे, सकाळचाच. चांगला झालाय की नाही देव जाणे.’ आणि त्याच वेळी तबेल्याच्या भिंतीआडून ते आलं. आवाज ऐकून आलं असेल, किंवा भूक लागली असेल. वाकड्या पायांवर डुलत, शिट्टी वाजवत, एर्सिलियाच्या पोटरीला कपाळ टेकून उभं राहिलं.

बेतिनाबाई थांबल्या. त्यांनी ताट एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने चष्मा नाकावर नीट बसवला, सकाळी दुरुस्त झालेला. ‘हे कुणाचं?’

‘शेजारचं,’ फेर्मिन पटकन म्हणाला. ‘सांभाळायला आणून ठेवलंय बिचाऱ्याला.’

इतकं सोपं होतं. तिने फक्त गप्प बसायचं होतं. फेर्मिनने तिच्या हातात तो धागा दिला होता, आणि त्याच्या डोळ्यांत मैत्रीच होती, जुनी, तुलिओच्या काळापासूनची. एर्सिलियाला वाऱ्याची झुळूक लागली, केकचा वास आला, पोटरीला शिंगराच्या ओल्या नाकाचा गारवा लागला. ‘नाही,’ ती म्हणाली. ‘नाही बाई. मिगाचं आहे. यंदाचं.’

बाईंना लगेच कळलं नाही, आणि मग कळलं. चेहऱ्यात ते कळणं वरून खाली उतरताना दिसलं. त्यांनी ताट फाटकाच्या खांबावर ठेवलं, ते डगमगलं, पुन्हा नीट ठेवलं. ‘मी वर्गात सांगितलं,’ त्या म्हणाल्या. ‘पहिल्याच तासाला. मुलं रोज विचारत होती, म्हणून म्हटलं लवकर सांगून टाकावं. एक रडायला लागला की सगळे लागतात, तसे लागले. मग मी त्यांना सांगितलं, असं होतं कधी कधी. यात कुणाचा दोष नसतो म्हणून सांगितलं.’

गाडीत दुके खुरांनी पत्रा बडवत होता. ‘बरं,’ फेर्मिन म्हणाला, ‘तुमचं चालू द्या. मी याला सोडतो, काम होऊन जाईल, अंधाराच्या आत निघतो.’

‘नको, फेर्मिन.’

‘आज नको तर परवा. माज आहे अजून.’

‘परवाही नको. यापुढे मिगाला भरवायचं नाही. आणि तिचे केस मी पाठवणार आहे तपासणीला. तिच्या ज्या पोरी लोकांकडे गेल्यात त्यांनाही सांगावं लागेल. बाप कोण, असं विचारलं तर तेही सांगेन.’

फेर्मिनने तिच्याकडे असं बघितलं जणू ती परक्या भाषेत बोलली होती. ‘म्हणजे माझ्या दारात उद्यापासून कुणी यायचं नाही,’ तो हळू म्हणाला. ‘तेवढंच ना? बरं. तुलिओ असता तर असं बोलली असतीस?’

‘नसते बोलले,’ ती म्हणाली. ‘तुलिओ असता तर मीच तुला फाटक उघडून दिलं असतं.’

त्याने दुकेच्या दाराची कडी ओढून बघितली. मग गाडीत बसला आणि गाडी मागे घेताना एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. मिगा कुंपणाच्या आतून गाडीबरोबर धावत सुटली, कोपऱ्यापर्यंत, तिथून मागे, पुन्हा कोपऱ्यापर्यंत, तोंडाला फेस आणून. एर्सिलियाने तिच्या मानेवर हात ठेवायला बघितलं तर तिने मान झटकून तो उडवून लावला. योग्य ते केल्यावर हलकं वाटतं म्हणतात. तिला काहीच हलकं वाटलं नाही. इतकी वर्षं घोडी न विचारता फळवली, आणि आज न विचारताच बंद केली. निर्णय तिचाच, पोट मिगाचं. स्वतःच्या पोटासाठी तिने निदान बसचं तिकीट तरी काढलं होतं.

‘ह्याला भूक लागलेली दिसते,’ बेतिनाबाई मागून म्हणाल्या. त्या गेल्या नव्हत्या. शिंगरू त्यांच्या डगल्याची कड चघळायचा प्रयत्न करत होतं, जबडा जुळत नसल्याने कड सुटून जात होती.

‘दूध काढावं लागतं,’ एर्सिलिया म्हणाली. ‘तुम्ही निघालात तरी चालेल, बाई.’

‘ते मला कळतं.’ त्यांच्या आवाजात माया नव्हती. ‘बाटली कशी धरायची?’

‘तिरकी. हनुवटीखाली हात द्यावा लागतो.’

मिगा दमून कुंपणाच्या कोपऱ्यात उभी राहिली होती. एर्सिलिया तिच्याजवळ गेली, गुडघ्यांवर बसली, मग आणखी वाकली, गाल तिच्या पोटाला टेकवून हात कासेखाली नेला. मिगाने अंग चोरलं, पण लाथ मारली नाही. बाई जरा अंतरावर गवतात बसल्या, शिंगराचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. बाटली भरून तिने मागे दिली, तेव्हा दोघींची नजर भेटली नाही. ‘उद्या मी मुलांना सांगणार आहे,’ बाई म्हणाल्या, ‘की मला चुकीचं सांगण्यात आलं होतं. कुणी सांगितलं, असं विचारतील.’

‘सांगा माझं नाव.’

‘सांगणारच आहे.’ शिंगरू चोखत होतं, दूध त्याच्या गळ्यावरून बाईंच्या पांढऱ्या डगल्यावर ओघळत होतं, आणि त्या हलत नव्हत्या. ‘पण मग का सांगितलं, ते विचारतील. ते मला नाही सांगता येणार. ते तुम्ही या आणि सांगा.’

एर्सिलियाने दुसरी बाटली हातात घेतली. तिच्या डोळ्यांसमोर बाकं आली, बाकांवर सात वर्षांची मुलं, हातांची घडी घालून तिच्याकडे बघत असलेली. ती तोंड उघडून उभी आहे, आणि ‘कारण’ ह्या शब्दाच्या पुढे तिला काही मिळत नाही. ‘येईन,’ ती म्हणाली. आचळातून दुधाची धार बारीक, टोचल्यासारखी बाटलीच्या काचेवर वाजायला लागली. मिगाचं तोंड रस्त्याकडे होतं. गाडी दिसेनाशी होऊन बराच वेळ झाला होता, तरी तिने पुन्हा एकदा मान वर करून हाक घातली, आणि एर्सिलियाचा कान तिच्या पोटाला चिकटलेला असल्यामुळे ती हाक तिला आतून ऐकू आली.